राज्यशास्त्र शिकून पुढे काय? उत्तर बाबासाहेबांच्या आयुष्यात शोधू या



सप्टेंबर उजाडला की इथे ब्रिटनमध्ये आपल्या घराघरांत विद्यापीठाच्या अर्जांची चर्चा सुरू होते. मुलाने मेडिसिन, फार्मसी किंवा कम्प्युटर सायन्स म्हटले की आईवडील निश्चिंत होतात. पण एखादी मुलगी राज्यशास्त्र घ्यायचे म्हणाली, तर घरात क्षणभर शांतता पसरते. मग प्रश्न येतो : त्यात नोकरी कसली मिळणार? हा प्रश्न विचारणाऱ्या पालकांना हसू नका. व्हिसा, घराचे हप्ते, गावाकडे पाठवायचे पैसे हे सगळे सांभाळून त्यांनी तुम्हाला इथवर आणले आहे. त्यांची काळजी खरी आहे.

पण तुमच्या बैठकीच्या खोलीत तथागतांच्या मूर्तीशेजारी ज्यांचा फोटो आहे, ते स्वतः काय शिकले होते आणि त्या शिक्षणाचे त्यांनी पुढे काय केले, हे आपण कधी नीट पाहिले आहे का? जयंतीला आपण बाबासाहेबांच्या पदव्या मोजतो. या वेळी त्या पदव्यांच्या आत काय होते ते पाहू या. आईवडिलांनी आणि मुलांनी हा लेख शक्यतो एकत्र बसून वाचावा.

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील सुभेदार रामजी लष्करी शाळेत शिक्षक होते. साताऱ्याच्या शाळेत या मुलाला बसायला घरून गोणपाट न्यावे लागे, आणि कोणी वरून पाणी ओतले तरच ते प्यायला मिळे. सत्ता म्हणजे काय, हे त्याला पुस्तकाआधी त्या पाण्याच्या भांड्याने शिकवले. १९०७ मध्ये तो मॅट्रिक झाला. त्या निमित्ताने कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. ही गोष्ट लक्षात ठेवा. राजकारणाचा एकही ग्रंथ हाती येण्यापूर्वी भीमरावांच्या हाती बुद्ध आले होते. लेखाच्या शेवटी आपल्याला इथे परत यायचे आहे.

एल्फिन्स्टन कॉलेजातून १९१२ मध्ये बी.ए. झाल्यावर १९१३ साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना परदेशी शिक्षणासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. महिन्याला साडेअकरा पौंड. बदल्यात शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानाची नोकरी करायची, असा करार होता. त्याच वर्षी जुलैमध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

कोलंबियात त्या काळी राज्यशास्त्र नावाची एक मोठी विद्याशाखा होती. इतिहास, अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि सार्वजनिक कायदा हे सगळे विषय तिच्याच छताखाली शिकवले जात. बाबासाहेबांची पीएच.डी. याच विद्याशाखेची. तीन वर्षांत त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची नोंद आजही सांगितली जाते : अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राजकारणाचे फक्त ३, आणि फ्रेंच व जर्मन भाषेचा प्रत्येकी १.

हे आकडे पुन्हा एकदा वाचा. ज्यांनी पुढे देशाच्या संविधानाच्या मसुद्याची धुरा वाहिली, त्यांनी राजकारण या नावाचे अभ्यासक्रम साठांपैकी तीनच घेतले होते. मग राज्यशास्त्र ते शिकले कुठे? ते या सगळ्या विषयांतून शिकले. सत्ता कोणाकडे असते, ती त्याच्याकडे कशी आली, पैसा कोणाकडून गोळा होतो आणि कोणावर खर्च होतो, रूढी कोण ठरवतो आणि त्या मोडल्या तर शिक्षा कोणाला होते, हे राज्यशास्त्राचे प्रश्न. त्यांची उत्तरे एका पुस्तकात मिळत नाहीत. म्हणून बाबासाहेब एडविन सेलिग्मन यांच्याकडे सार्वजनिक वित्त शिकले, जॉन ड्यूई यांच्याकडे तत्त्वज्ञान ऐकले, आणि मे १९१६ मध्ये अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातील जातींवर निबंध वाचला. १९१५ चा त्यांचा एम.ए.चा प्रबंध ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि तिच्या जमाखर्चावर होता. विषय वेगवेगळे, पण प्रश्न एकच. ज्याच्या हाती काही नाही, त्याच्या हाती सत्ता कशी येईल?

१९१६ मध्ये ते लंडनला आले. एकीकडे ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव घातले आणि दुसरीकडे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अँड पोलिटिकल सायन्समध्ये प्रवेश घेतला. आपण जिला नुसते एल.एस.ई. म्हणतो, तिच्या पूर्ण नावातच राज्यशास्त्र आहे. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. वेगळ्या बोटीने पाठवलेले त्यांचे सामान आणि ग्रंथ युद्धाच्या धामधुमीत समुद्राच्या तळाशी गेले.

करारानुसार ते बडोद्याला नोकरीवर गेले. कोलंबियात शिकलेल्या या माणसाला त्या शहरात राहायला खोली मिळेना. एका पारशी धर्मशाळेत ते नाव लपवून राहिले, तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. मुंबईत परतून त्यांनी शिकवण्या घेतल्या, शेअर व्यवहारांबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. सल्लागाराची जात कळल्यावर गिऱ्हाईक येईनासे झाले. पदवी मोठी असली की समाज आपोआप दार उघडतो, असे ज्यांना वाटते त्यांनी १९१७ चे हे वर्ष जरूर आठवावे.

आता पुढच्या काळात बाबासाहेबांनी कोणकोणती कामे केली ते क्रमाने पाहा, आणि प्रत्येक वेळी स्वतःला विचारा, हे काम आज कोणत्या नावाने ओळखले जाते?

नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. हा पहिला मार्ग, अध्यापनाचा. जानेवारी १९१९ मध्ये मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. अस्पृश्यांना मत आणि प्रतिनिधी मिळाले पाहिजेत, हे त्यांनी आकडेवारीसह मांडले. वय अवघे सत्तावीस. आज अशा कामाला धोरण-अभ्यासक म्हणतात. ३१ जानेवारी १९२० रोजी शाहू महाराजांच्या मदतीने त्यांनी ‘मूकनायक’ पाक्षिक काढले. पुढे ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’ आणि ‘प्रबुद्ध भारत’ आले. हा तिसरा मार्ग, पत्रकारितेचा.

पण अर्धवट राहिलेले शिक्षण त्यांना स्वस्थ बसू देत नव्हते. प्राध्यापकीच्या पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज, एवढ्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला आले. प्रिमरोज हिलजवळच्या १०, किंग हेन्रीज रोड या घरात ते १९२१-२२ मध्ये राहिले. आपल्यापैकी अनेकांनी ते घर पाहिले असेल. तिथून ते ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात जात आणि बंद होईपर्यंत वाचत बसत. १९२१ मध्ये एम.एस्सी. झाली, १९२२ मध्ये बॅरिस्टरी. रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी.चा प्रबंध मात्र परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत केला. इंग्रजी राजवटीच्या चलन धोरणावर त्यात कडक टीका होती. बाबासाहेबांनी मांडणी बदलली, निष्कर्ष तेच ठेवले, आणि १९२३ मध्ये पदवी मिळवली. तुमचा एखादा निबंध कमी गुण घेऊन परत आला, तर हे आठवा.

या पदव्यांची किंमत कोणी मोजली, हेही सांगायला हवे. ते लंडनमध्ये अर्धपोटी वाचत होते तेव्हा मुंबईत माता रमाई तुटपुंज्या पैशांत संसार ओढत होत्या. त्यांची चार मुले लहानपणीच गेली, एकटे यशवंतराव वाचले. २७ मे १९३५ रोजी रमाईंचेही निधन झाले. आपल्या मुलांच्या शिक्षणामागे कोणाचे कष्ट आहेत, हे मुलांना सांगत चला. ओझे म्हणून नको, जाणीव म्हणून सांगा.

१९२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात त्यांनी वकिली सुरू केली. त्यांची पदवी अर्थशास्त्राची होती, तरी बॅरिस्टर होण्यात अडचण आली नाही. आजही ब्रिटनमध्ये राज्यशास्त्राचा पदवीधर कायद्याचा एक वर्षाचा रूपांतर अभ्यासक्रम करून त्या वाटेला जाऊ शकतो. अशिलांची वाट पाहण्याच्या त्या दिवसांत ते व्यापारी कायदाही शिकवत. १९२५ मध्ये हिल्टन यंग चलन आयोगापुढे त्यांची साक्ष झाली. १९२७ पासून मुंबई विधिमंडळाचे सदस्य म्हणून त्यांनी महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक मांडले आणि कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेच्या बाजूने भाषण केले. त्याच १९२७ च्या २० मार्चला महाडचे चवदार तळे झाले. सभागृहात कायदा मांडणारा माणूस आणि तळ्यावर ओंजळीत पाणी घेणारा माणूस एकच होता.

१९२८ मध्ये सायमन आयोगापुढे त्यांनी प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मताधिकार मागितला. १९३० ते १९३२ या काळात ते गोलमेज परिषदांसाठी पुन्हा लंडनला आले. ज्या शहरात विद्यार्थी म्हणून एकेक पेनी मोजली, तिथेच ते आता कोट्यवधी लोकांचे प्रतिनिधी म्हणून ब्रिटिश पंतप्रधानांसमोर बसले. १९३२ चा पुणे करार सर्वांना माहीत आहे. वाटाघाटीत काय मिळते आणि काय सोडावे लागते, याचा तो फार कठीण धडा होता. १९३५ मध्ये ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि पुढच्याच वर्षी खोती नष्ट करण्याचे विधेयक सभागृहात आणले.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात त्यांच्याकडे मजूर खाते होते. हा प्रशासनाचा मार्ग. त्यांच्या खात्याने आणलेल्या १९४६ च्या कायद्याने कारखान्यांतले आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. दामोदर खोऱ्याच्या प्रकल्पाची आखणीही याच काळातली. भाषणांपेक्षा फायलीवरची एक नेमकी टिपणी कधी कधी जास्त घरांत दिवा लावते. सरकारी नोकरीला नाक मुरडणाऱ्यांनी हा भाग सावकाश वाचावा.

मग आले संविधान. २९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी ३९५ अनुच्छेदांचे संविधान स्वीकारले गेले. त्यात बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेच्या खुणा शोधून पाहा. कोलंबियाचा त्यांचा प्रबंध केंद्र आणि प्रांत यांच्यातल्या महसुलाच्या वाटणीचा होता. अनुच्छेद २८० मध्ये नेमक्या त्याच वाटणीसाठी वित्त आयोगाची तरतूद आहे. १९१९ मध्ये ज्यांच्या मतासाठी त्यांनी साक्ष दिली होती, त्यांना अनुच्छेद ३२६ ने इतर सर्वांच्या बरोबरीने मत दिले. १९१६ च्या निबंधात ज्या जातव्यवस्थेची चिकित्सा केली, तिच्यातली अस्पृश्यता अनुच्छेद १७ ने बंद केली. विद्यार्थी असताना घेतलेला प्रश्न तीस वर्षांनी कायदा होऊन उभा राहिला.

सगळे प्रयत्न यशस्वी झाले, असे मात्र समजू नका. हिंदू कोड बिल रखडले तेव्हा १९५१ मध्ये त्यांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९५२ ची लोकसभा निवडणूक ते हरले. १९५४ ची भंडाऱ्याची पोटनिवडणूकही हरले. ज्यांनी देशाला मतपेटी दिली, त्यांना त्या मतपेटीने दोनदा नाकारले. ते राज्यसभेत गेले, लिहीत राहिले, शिकवत राहिले.

आता केळुसकर गुरुजींच्या त्या पुस्तकाकडे परत येऊ. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरील भाषणात बाबासाहेबांनी आपल्या जीवनाच्या तत्त्वज्ञानाविषयी सांगितले. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तीन तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाहीत, त्यांचे मूळ राज्यशास्त्रात नसून धम्मात आहे, आपले गुरू बुद्ध यांच्या शिकवणीत आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. तीन खंडांत शिकलेला, राज्यशास्त्र विद्याशाखेचा डॉक्टर हे सांगत होता, म्हणून त्याला वजन आहे. राज्यशास्त्र त्यांचे हत्यार होते. ते हत्यार कोणासाठी उचलायचे, हे त्यांना धम्माने सांगितले. त्याआधी संविधान सभेतल्या अखेरच्या मोठ्या भाषणातही त्यांनी भिक्खू संघाची आठवण काढली होती. प्रस्ताव कसा मांडायचा, किती जण हजर असले पाहिजेत, मते कशी मोजायची, याचे नियम संघात होते. लोकशाहीची रीत आपल्याला परकी नाही, हे त्यांना दाखवायचे होते. आपल्या विहाराची सभा वेळेवर भरते का, इतिवृत्त लिहिले जाते का, बहिणींचे मत विचारले जाते का, हेसुद्धा राज्यशास्त्रच आहे.

आणि शेवटची गोष्ट, जी फार कमी सांगितली जाते. १९५६ च्या जुलैमध्ये, प्रकृती ढासळलेली असताना, बाबासाहेबांनी मुंबईत ‘ट्रेनिंग स्कूल फॉर एन्ट्रन्स टू पॉलिटिक्स’ सुरू केले. राजकारणात उतरणाऱ्या तरुणांनी आधी शिकून यावे, यासाठी काढलेली ती शाळा. विद्यार्थी मोजकेच होते. तीन महिन्यांनी, १४ ऑक्टोबरला, नागपूरला धम्मदीक्षेचा सोहळा झाला. ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. ते गेल्यावर ती शाळाही फार काळ चालली नाही. म्हणजे त्यांच्या आयुष्याच्या अखेरच्या वर्षातली दोन कामे पाहा : लोकांना धम्म देणे, आणि तरुणांना राज्यशास्त्र शिकवणे. पहिले काम आपण पुढे नेले. दुसरे अजून पुरे व्हायचे आहे.

विद्यार्थी मित्रांनो, राज्यशास्त्र निवडायचे असेल तर एक प्रश्न बरोबर घेऊन जा. घरकामगारांना किमान वेतन का मिळत नाही, इथल्या कायद्यात जातीचा उल्लेख असावा की नसावा, आपल्या वस्तीतले मतदान कमी का, असा कोणताही. बाबासाहेबांसारखे आकडेशास्त्र आणि अर्थशास्त्र जोडून घ्या. नोकरी देणारे नुसत्या मतांपेक्षा हिशेब मांडता येणाऱ्याला आधी विचारतात. एखादी भाषा शिका. सुट्टीत स्थानिक कौन्सिलरच्या किंवा खासदाराच्या कार्यालयात काम मागा. पुढे सिव्हिल सर्व्हिस आहे, कौन्सिलचे प्रशासन आहे, कायदा, पत्रकारिता, संशोधन, कामगार संघटना, आंतरराष्ट्रीय संस्था आणि अध्यापन आहे. डॉक्टरकीसारखी ही एकच सरळ वाट नाही. पहिली नोकरी मिळायला वेळ लागेल, हेही आईवडिलांना आधीच प्रामाणिकपणे सांगा.

आणि पालकांनो, पुढच्या वेळी मुलीने राज्यशास्त्र म्हटले की लगेच नोकरीचे विचारू नका. आधी विचारा, तुला कोणता प्रश्न सोडवायचा आहे? तिच्याकडे उत्तर असेल, तर अर्जाची फी भरा.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.